मार्लिन ३३६ वर स्कोप कोणता घ्यावा? (.३०-३०, पेनसिल्व्हेनियाचं जंगल)

तिरफळ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. अमेरिकेत शिकारीला जाणारे काही जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून थेट विचारतो.

मी पेनसिल्व्हेनियाच्या मध्य भागात राहतो. हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स झाला, लायसन्स झालं आणि गावातल्या दुकानातून एक जुनी मार्लिन ३३६ रायफल घेतली. नळीवर 'जेएम' छाप आहे, म्हणजे रेमिंग्टनने कारखाना हलवण्याआधीची, कनेक्टिकटची. कॅलिबर (काडतुसाचं माप) .३०-३०. लाकूड सुंदर, लेव्हर (काडतूस भरायची खालची दांडी) मऊ चालते, तक्रार काही नाही.

तक्रार माझ्या डोळ्यांची आहे. वय सत्तेचाळीस, प्रोग्रेसिव्ह चष्मा. पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) स्पष्ट दिसली की मागची खाच विरघळते. खाच बघायला मान वर केली की माशीही गेली आणि टार्गेटही गेलं.

जागा अशी: हेमलॉक, ओक आणि खाली माउंटन लॉरेलची दाट झुडपं. हरीण दिसलंच तर चाळीस ते ऐंशी यार्डांत. विजेच्या तारांखालचा एक मोकळा पट्टा आहे, तिथे दीडशेपर्यंत जाईल.

दुकानदार ३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिमी) घ्या म्हणतो, 'सगळे तेच घेतात' हे कारण. बजेट बेस-रिंगा (स्कोप बंदुकीवर बसवायचं सामान) धरून साडेतीनशे डॉलर. सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, त्यामुळे वेळ आहे पण फार नाही.

(शिकार करावी की नाही हा वाद कृपया वेगळ्या धाग्यावर.)

ओरेगावकर

३-९x४० वाईट नसते, पण या बंदुकीवर नको. पॉवर जास्त आहे हा मुद्दा दुसरा. पहिला मुद्दा उंचीचा.

३३६ चा वरचा भाग सपाट आणि बंद आहे, रिकामं काडतूस बाजूने बाहेर पडतं. म्हणून तर स्कोप लावायची लेव्हर-अ‍ॅक्शन म्हटली की लोक आधी मार्लिनकडे जातात. पण दस्ता बघा. तो उघड्या साइटसाठी घडवलेला आहे, गाल टेकवला की डोळा बरोबर खाचेच्या रेषेत येतो. आता ४० मिमीची पुढची काच घेतली की ती नळीला आणि मागच्या साइटला घासू नये म्हणून रिंगा उंच घ्याव्या लागतात. डोळा वर न्यावा लागतो, गाल सुटतो, हनुवटी दस्त्यावर येते. दुकानात उभं राहून हे जाणवत नाही, कारण तिथे आपण सावकाश डोळा जुळवतो. जंगलात चाळीस यार्डांवर हरीण निघालं, बंदूक खांद्याला गेली आणि स्कोपमध्ये नुसती काळी सावली. ती सावली हटेपर्यंत हरीण लॉरेलच्या पलीकडे.

म्हणून १.५-४x२०. हिचं पुढचं टोक फुगीर नसतं, सरळ नळीच असते, त्यामुळे सगळ्यात बुटक्या रिंगांत बसते. ल्युपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम या मापात आहे. दीडशे यार्डांसाठी थोडी जास्त पॉवर हवीच वाटली तर २-७x३२ किंवा ३३. व्होर्टेक्सची क्रॉसफायर २ स्वस्तात येते. त्यापुढे नको.

अंधाराची भीती दुकानदार घालेल, 'मोठी काच जास्त उजेड'. हिशेब साधा आहे: पुढच्या काचेचा व्यास भागिले पॉवर. २० भागिले ४ म्हणजे ५ मिमीचा प्रकाशझोत डोळ्यात जातो. ४० भागिले ९ म्हणजे ४.४. तुमच्या वयाला बाहुली अंधारात तरुणपणी एवढी उघडत नाही, त्यामुळे ५ मिमी भरपूर झालं. आणि पॉवर दोनवर आणली तर १० मिमी, म्हणजे डोळा थोडा इकडेतिकडे असला तरी चित्र दिसतं. जंगलात हा फायदा काचेच्या सगळ्या कोटिंगांपेक्षा मोठा.

बेस वीव्हर ६३बी, एकसंध अ‍ॅल्युमिनियमचा, ३३६ ला बसतो आणि स्वस्त आहे. उंच 'सी-थ्रू' रिंगा (ज्यांच्या खालून साइटही दिसते) कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नका. दोन्हीपैकी एकही धड वापरता येत नाही.

खडूस_काका

स्कोप हवाच कशाला?

तिरफळ, तुमची अडचण मागच्या खाचेची आहे. मग खाच काढा आणि तिथे भोकाची साइट लावा, विल्यम्स किंवा स्किनरची. भोकातून आरपार बघायचं असतं, भोकाकडे बघायचं नसतं. ते धूसर दिसलं तरी डोळा आपोआप मध्यावर येतो. फोकस करायची ती फक्त माशी. शंभर डॉलरच्या आसपास काम होतं, उरलेल्या पैशांत काडतुसं घ्या आणि सराव करा.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. लेव्हर-अ‍ॅक्शन हातात धरून चालायची म्हणजे कुठे धरता? बरोबर मध्यावर, रिसीव्हरला (मधल्या लोखंडी भागाला) मूठ मारून, तिथेच तोल आहे. स्कोप लावली की नेमकी तीच जागा गेली. मग ती बंदूक दोन्ही हातांनी लहान मूल घेतल्यासारखी सांभाळत डोंगर चढायचा.

ओरेगावकर

काका, मुठीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून तर २० मिमीची सरळ नळी म्हणतोय, तिच्याखाली चार बोटं तरी जातात.

पण भोकाची साइट संध्याकाळी मार खाते. पेनसिल्व्हेनियात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत कायदेशीर वेळ आहे. हेमलॉकखाली त्या अर्ध्या तासात सोनेरी माशी करड्या हरणावर शोधून दाखवा. आतली चकती काढून भोक मोठं केलं तरी माशी फोकस करायला डोळा तोच आहे, सत्तेचाळीस वर्षांचा. स्कोपमध्ये क्रॉसहेअर (नेमाची फुली) आणि हरीण एकाच प्रतलात दिसतात, डोळ्याला निवड करावी लागत नाही. चाळिशीनंतर स्कोपचं खरं काम हे आहे, मोठं करून दाखवणं नंतर.

खडूस_काका

संध्याकाळी घरी जावं. चहा घ्यावा.

अनुस्वार

विस्कॉन्सिनहून. मी ३-९x४० च वापरतो, ३३६ वरच, आणि माझं काही अडलेलं नाही. दस्त्यावर कातडी गालपट्टी बांधली, दोऱ्यांनी आवळता येते ती. आत फोमचे थर घालून उंची जमवली. डोळा पहिल्या झटक्यात जुळतो. स्कोप सेकंडहँड मिळाली म्हणून घेतली, बाजारात ३-९ सारखी स्वस्त वस्तू नाही. पॉवर ३ वरून हलवत नाही हे मात्र खरं.

ओरेगावकर

अनुस्वार, म्हणजे तुम्ही ३x४० वापरता आणि ९ चं वजन वाहता. :)

गालपट्टीचा उपाय मात्र उत्तम, तिरफळनी तो लक्षात ठेवावा. बुटक्या रिंगा लावूनही गाल थोडा तरंगलाच तर तेच करायचं.

कडकलक्ष्मी

ओहायोत .३०-३० चालत नाही हो, इथे हरणाच्या बंदुकीला सरळ भिंतीचंच (टोकाकडे मानेसारखं न आवळलेलं) काडतूस लागतं, .३५७ ते .५०. म्हणून माझ्याकडे हेन्रीची .४५-७०. तिच्यामुळे मला स्कोपमधली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: डोळ्यापासून किती लांब धरून पूर्ण चित्र दिसतं. आय रिलीफ. साडेतीन इंच कागदावर बरे वाटतात, पण हलकी बंदूक, जड गोळी, त्यात टेकडीवर वरच्या बाजूला नेम, म्हणजे डोकं आपोआप पुढे सरकतं. आमच्या रेंजवर भुवईवर चंद्रकोर कोरलेली मंडळी नेहमी दिसतात, आणि ती कुंकवाची नसते.

.३०-३० चा धक्का तेवढा नाही. पण तिरफळ, तुम्हाला चष्मा आहे. स्कोप भुवईला लागण्याआधी चष्म्याला लागते. चार इंचांच्या आसपास बघा, आणि ते सगळ्या पॉवरवर तेवढंच राहतं का हेही बघा. काही स्कोपमध्ये पॉवर वाढवली की अंतर झपकन कमी होतं.

प्रोग्रेसिव्हबद्दल: दस्त्यावर गाल टेकवला की आपण भिंगाच्या वरच्या भागातून बघतो, तो लांबचा भाग असतो, म्हणजे स्कोपला तो चालतो. मग मागची कडी फिरवून क्रॉसहेअर स्पष्ट करून घ्यायचं. मोकळ्या आभाळाकडे बघून, एका वेळी दोन-तीन सेकंदच. जास्त वेळ बघितलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि कडी चुकीच्या जागी राहते. हे घरून निघताना जो चष्मा घालणार तोच घालून करा.

तिरफळ

लक्ष्मीताई, हे फार कामाचं. दुकानदार कडी फिरवण्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

रेड डॉट (नेमाला लाल ठिपका दाखवणारी साइट) कसा? रेंजवर एका पोराने वापरून बघायला दिला. ठिपका कसला, मला तर फुटलेला धूमकेतू दिसला.

कडकलक्ष्मी

अ‍ॅस्टिग्मॅटिझम असेल. मलाही तसाच दिसतो. फोनच्या कॅमेऱ्यातून त्याच ठिपक्याकडे बघा, गोल दिसला तर दोष डोळ्याचा, उपकरणाचा नाही. स्कोपच्या कोरलेल्या क्रॉसहेअरला हा त्रास होत नाही.

दवबिंदू

थोडं अवांतर. सासऱ्यांची विंचेस्टर ९४ आहे, १९६४ च्या आधीची. तिच्यावर १.५-४ बसेल का? दुकानदार म्हणतो भोकं पाडून देतो.

खडूस_काका

भोकं?? त्या माणसाच्या दुकानात परत पाऊल ठेवू नका.

६४ पूर्वीची ९४ ही ब्राउनिंगच्या आराखड्यातली जुन्या पद्धतीने बनवलेली बंदूक, लोक जपून ठेवतात. एक भोक पाडलं की संग्राहकाच्या लेखी किंमत ढासळली. शिवाय उपयोग काय? ती काडतूस सरळ वर फेकते, स्कोप डोक्यावर असेल तर त्याच्यावरच आपटणार. विंचेस्टरने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काडतूस तिरकं फेकणारी ९४ काढली ती याचसाठी.

पर्याय दोनच. मूळ भोकांवर बसणारी साइट, नाहीतर मागच्या साइटच्या खाचेत बसणारा पुढचा बेस आणि त्यावर लांब आय रिलीफची स्काउट स्कोप. सूर्य पाठीमागे असला की या लांबच्या स्कोपमध्ये मागच्या काचेवर चकाकी येते, ते सहन करावं लागेल. मी तर सासऱ्यांची बंदूक आहे तशीच चालवीन.

मोरपंखी_७

हरणं मारायची चर्चा एवढ्या रंगात येऊन चालली आहे हे बघून वाईट वाटलं. भारतात १९७२ पासून कायद्याने बंद आहे हे.

तिरफळ

मोरपंखी, पहिल्याच पोस्टमध्ये विनंती केली आहे. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे, खरंच. इथली हरणं कायद्याने ठरवलेल्या संख्येत मारली जातात आणि मांस आम्ही खातो, एवढं सांगून इथे थांबतो.

बिनटाक्याचा

दोन प्रश्न. एक, मी एच-१बी वर आहे. मला बंदूक बाळगता येते का? दोन, कोकणात चुलतभावाकडे शेतीसंरक्षणाचं लायसन्स आहे, रानडुकरांनी नारळ-भाताची वाट लावली आहे. जाताना त्याच्यासाठी एक स्कोप बॅगेत टाकली तर?

ओरेगावकर

एक: नॉन-इमिग्रंट व्हिसावर सर्वसाधारणपणे बंदी आहे, पण राज्याचं चालू शिकार लायसन्स असेल तर फेडरल कायद्यात अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, हे विसरू नका. राज्याचे नियम वेगळे, आणि तुमचं इमिग्रेशन पणाला लागलेलं असतं, म्हणून आधी वकिलाला विचारा, फोरमला नको. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही.

दोन: अजिबात नाही. बंदुकीचा स्कोप हा अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाच्या यादीतला माल आहे, परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा होऊ शकतो. वस्तू दुकानात सहज मिळते म्हणून लोक फसतात. शिवाय पलीकडे कस्टम्स. चुलतभावाला चॉकलेटं न्या.

जोशी_सॅक्रामेंटो

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी पुरवणी. इथे जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद आहे. .३०-३० मध्ये हॉर्नाडीची तांब्याची मोनोफ्लेक्स १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मिळते. गोळी बदलली की नेम बदलतो, कधी उभा, कधी आडवाही. स्कोप १५० ग्रेनच्या जुन्या डब्याने जुळवून तांब्याने शिकारीला निघू नका.

ट्यूब मॅगझिनबद्दल (नळीखालची काडतुसांची नळी) तिरफळना माहीत असेलच, तरी लिहितो: साधी टोकदार गोळी त्यात घालायची नाही. काडतुसं एकामागे एक उभी असतात, एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी) टेकतं. म्हणून चपटं नाक, नाहीतर हॉर्नाडीची मऊ रबरी टोकाची लेव्हरइव्होल्यूशन.

अनुस्वार

त्या रबरी टोकाच्या गोळीमुळे .३०-३० थोडी लांब जाते हे खरं, पण म्हणून तिला तीनशे यार्डांची बंदूक समजणारे रेंजवर भेटतात आणि मग मोठाल्या टरेटच्या (नेम सरकवायच्या चकत्यांच्या) स्कोप लावतात. साध्या १७० ग्रेनच्या गोळीला शंभर यार्डांवर बरोबर मध्यावर जुळवलं, तर दोनशेवर ती आठ-नऊ इंच खाली. अशा बंदुकीला टरेट फिरवत बसायचं कशाला?

ओरेगावकर

+१. शंभरवर दोन-अडीच इंच वर जुळवायची. पन्नासवर इंच-सव्वा इंच वर लागते, दीडशेवर जवळपास मध्यावर, दोनशेवर तीन-चार इंच खाली. हरणाच्या छातीचा आकार बघता दीडशेपर्यंत काही विचार न करता मध्यावर धरायचं. टोप्या लावून टरेट विसरून जा. साधं ड्यूप्लेक्स क्रॉसहेअर घ्या, बाहेरच्या रेघा जाड असलेलं. संध्याकाळी मधली बारीक रेघ हरवली तरी चार जाड रेघा जागा दाखवतात.

आणि शिंगं मोजायला स्कोप वापरू नका. पेनसिल्व्हेनियात बहुतेक भागांत एका बाजूला किमान तीन टोकं लागतात, ती मोजायला गळ्यात दुर्बीण ठेवा. झुडपामागे हललेली वस्तू स्कोपमधून 'बघणं' म्हणजे ओळख पटण्याआधी तिच्यावर बंदूक रोखणं. तो नारिंगी जॅकेटवाला माणूस असू शकतो.

खडूस_काका

हे मात्र सोन्याच्या अक्षरात लिहा.

तिरफळ

अपडेट. बंदूक घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो, तिथला म्हातारा फार शहाणा निघाला. त्याने डोळे मिटायला लावले, बंदूक खांद्याला लावायला सांगितली, गाल टेकवला की डोळे उघडा म्हणाला. रिंगा सैल ठेवून स्कोप मागेपुढे सरकवत तीन-चार वेळा असं केलं. ३-९ ला डोळे उघडल्यावर दर वेळी अर्धं चित्र. २-७x३३ ला जवळजवळ पूर्ण. १.५-४x२० ला पूर्ण, कडेपर्यंत. शिवाय जाड जॅकेट घालून करा म्हणाला, कारण जॅकेटने दस्ता पुढे जातो आणि स्कोप डोळ्यापासून लांब.

१.५-४ घेतली. बजेटमध्ये बसली, गालपट्टीसाठीही उरले.

आता घोड्याचा (हॅमरचा, ट्रिगरचा नव्हे) प्रश्न. स्कोप लागल्यावर घोडा ओढायला अंगठा जाईना. हातमोजे घातले की विषयच संपला.

ओरेगावकर

हॅमर स्पर घ्या, घोड्याला बाजूला बसणारी छोटी दांडी, दहा-पंधरा डॉलरची. उजव्या हाताने चालवत असाल तर उजवीकडे. बारीक स्क्रू असतो, तो सैल होतो, त्यावर निळा थ्रेडलॉकर (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) एक थेंब. बेसच्या स्क्रूंनाही तोच. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना मात्र नको, तिथे टॉर्क पान्याने कंपनी सांगते तेवढंच, बहुधा १५ ते १८ इंच-पाउंड. जास्त आवळलं तर नळी चेपते. स्पर लावल्यावर रिकाम्या बंदुकीवर घोडा हळू खाली सोडायचा भरपूर सराव करा. दांडी बाजूला असल्याने अंगठ्याखालून निसटते, आणि लेव्हर गनचे बरेचसे नको तेव्हाचे बार तिथेच होतात.

जुळवायला मार्लिनची एक सोय आहे. लेव्हरचा एक स्क्रू काढला की लेव्हर बाहेर, बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) मागून बाहेर. (इजेक्टरची पट्टी आत मोकळी होते, ती कार्पेटवर पाडू नका.) मग मागून नळीत डोळा घालून पंचवीस यार्डांवरचा कागद नळीच्या मध्यावर आणायचा, बंदूक हलू न देता क्रॉसहेअर त्याच्यावर आणायचं. पहिली गोळी कागदावर लागते, काडतुसं वाचतात.

अनुस्वार

थंडीतून आल्यावर बंदूक लगेच गरम केबिनमध्ये नेऊ नका. काचेवर आणि लोखंडावर दव धरतं, परत बाहेर नेली की तेच गोठतं. रिकामी करून, केसमध्ये कुलूप लावून गाडीतच राहू द्या.

तिरफळ

रेंजवरून लिहितोय. बोल्ट काढून जुळवलं, पहिलीच गोळी कागदावर! आता पन्नास यार्डांवर आहे. तीन गोळ्या एकमेकींना चिकटून, उंचीला सव्वा इंच वर म्हणजे हवी तशीच, पण सगळ्या इंचभर डावीकडे. टोपीवर पाव एमओए (कोनाचं माप, एका क्लिकला एवढं सरकतं) लिहिलंय. किती क्लिक?

ओरेगावकर

आठ, उजवीकडे. पाव एमओएचा क्लिक शंभरवर पाव इंच सरकवतो, पन्नासवर त्याच्या निम्मा. आठ दिल्यावर एक गोळी मारून घ्या, मग शंभरवर जा. आणि नळी गार होऊ द्या मध्ये, .३०-३० ची बारीक नळी तापली की गोळ्या भटकतात आणि माणूस उगाच स्कोप फिरवत बसतो.

खडूस_काका

माझ्या साइटला क्लिकच नाहीत. स्क्रू सैल करायचा, सरकवायचा, आवळायचा.

तिरफळ

काका, संध्याकाळ झाली. चहा घ्या.